कटनंतरचा आवाज

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणत. जुन्या टेपा साफ करणं हे त्याचं काम. दुपारी जेवण उरकून तो डबा धूत होता, तेव्हा त्या बाई आल्या. त्यांची लेक लहानपणी एका सिनेमात अशी रडली होती, की रोज तो खेळ पाहणारे डोअरकीपरसुद्धा डोळे पुसत. सिनेमा लागला आणि थोड्याच दिवसांत पोर तापाने गेली.

"दादा, पडद्यावर तोंड माझ्या बेबीचं, पण आवाज परक्या बाईचा," त्या म्हणाल्या. "मला तिचा आवाज ऐकायचाय. विसरत चाललेय हो मी."

डबिंग मागाहून व्हायचं. चित्रीकरणाच्या वेळचा कच्चा आवाज फक्त ओठ जुळवण्यापुरता. पुढे त्या आवाजाला कुणी विचारत नसे. तरी कानसेनने त्या सिनेमाची तसली टेप कशीबशी हुडकली.

"फार आशा धरू नका. कॅमेऱ्याची घरघरच जास्त असेल."

घरघर होतीच. तिच्यामागे बारीक हुंदके. मग "कट", टाळ्या, आणि एक नाजूक आवाज: "आई, खरं वाटलं का गं?"

बाईंनी हाताने तोंड दाबलं. "मला बाहेर बसवलं होतं हो. मी दिसले तर पोर रडायची नाही म्हणे."

त्याने टेप मागे नेली. पुन्हा तोच प्रश्न.

"हो गं राणी, अगदी खरं," बाई पुटपुटल्या.

"मग घरी जाऊया?"

हे मघाशी नव्हतं. ऐकण्यात निसटलं असेल, अशी कानसेनने स्वतःची समजूत घातली आणि टेप पुन्हा मागे नेली.

"आई, नीट ऐकू येत नाही. जवळ ये ना."

त्याचा हात बटणाकडे गेला. बाईंनी तो धरला. बोटं गारठलेली.

"राहू द्या, दादा."

स्पीकरच्या जाळीला तोंड लावून त्या बोलत राहिल्या. वेणीचं, शाळेचं, काहीबाही. बोलण्याची कुजबुज झाली.

मग नुसते ओठ.

टेप संपली.

बाई उठल्या. हसल्या. त्याच्याकडे पाहून काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, आवाज नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

त्या जिना उतरून गेल्यावर त्याने टेप पहिल्यापासून लावली.

घरघर. हुंदके नव्हतेच. दोघींच्या गप्पा होत्या, माइकपासून लांब लांब जाणाऱ्या.

"पायऱ्या आहेत, हात धर," बाईंचा आवाज म्हणाला.