शीतकोठीचं बटण

औषधांच्या शीतकोठीचं दार कापून मामांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांचं बोट आतल्या बटणावरच होतं. ते दाबलं की दार उघडायला हवं होतं. ते उघडलंच नव्हतं. मामा दवाखान्यात बेशुद्ध होते आणि दाराच्या प्रोग्रॅममधली शेवटची दुरुस्ती, म्हणजे पॅच, त्यांच्या सख्ख्या भाचीच्या नावावर होती.

तपासनीस बाईंनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कचेरीतल्या बिनखिडकीच्या खोलीत बस्तान मांडलं. त्यांचा निम्मा जन्म दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका उकरण्यात गेला होता, त्यामुळे गोड बोलण्याचं त्यांना वावडंच होतं.

"काय बदललंस?" त्यांनी भाचीला विचारलं.

"दाराच्या भोंग्याचा आवाज कमी केला. एवढंच."

"त्याच पॅचमध्ये बटणाची ओळ उडवलेली आहे."

"मग मीच उडवली असेन. नाव माझंच आहे."

स्वतःवरच विश्वास उरला नव्हता तिचा. बाईंना तिची दया आली आणि रागही. मंजुरीनंतर लिहिणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने पॅचची आपापली प्रत पुसायची, ही इथली शिस्त. तिने ती पाळली होती, त्यामुळे सुटकेचा रस्ताही पुसला गेला होता.

एक पॅच, एक दुरुस्ती, हा इथला दुसरा दंडक. तो तिला दादांनी शिकवला होता. दादा म्हणजे गटप्रमुख. मूळ कोडमध्ये पॅच लावायचा अधिकार फक्त त्यांना.

पॅच तपासणाऱ्या चष्मेवाल्याने सांगितलं, की त्याने भोंग्याचीच ओळ पाहून मंजुरी दिली होती. त्याची प्रत अजून त्याच्याकडे होती. खरं तर त्यानेही ती पुसायला हवी होती, पण पठ्ठ्याचा आळस कामी आला. बाईंनी ती स्वतः उघडून पाहिली.

दादा शांत होते. गोदामवाल्यांच्या तक्रारी येत होत्या, हे त्यांनी लपवलं नाही. बटण अडकून दार आपोआप उघडायचं, औषधं नासायची.

"पॅच मी जसाच्या तसा लावला. पोरगी गुणी आहे, चुकली असेल. सांभाळून घ्या."

बाईंनी तिघांना एकत्र बसवलं.

"मंजूर झालेला पॅच एका ओळीचा. लावलेला दोन ओळींचा. मधे तो फक्त तुमच्या हातात होता, दादा. बटणाची ओळ उडवायचा वेगळा पॅच कुणीच मंजूर केला नसता. म्हणून तुम्ही तो मंजूर पॅचमध्ये घुसडलात. अशी भर घातली, तरी लिहिणारा म्हणून पहिल्याचंच नाव राहतं. तुम्हाला ते ठाऊक होतं."

"दोन-चार दिवसांचाच प्रश्न होता," दादा पुटपुटले. "बटण दुरुस्त होणार होतं."

भाचीने मान वर केली.

"मामा अडकल्याचं कळलं तेव्हा मी म्हणाले होते, माझा पॅच मागे घ्या. मिनिटाचं काम होतं, बटणाची ओळ परत आली असती. तुम्ही म्हणालात, भोंग्याचा दाराशी काय संबंध?"

ती उठून दादांच्या समोर येऊन उभी राहिली.

"तेव्हा गोदामाच्या फोनवर आतून त्यांचा आवाज येत होता, दादा."

बाईंनी दादांना उठायला सांगितलं.