दहा सेकंदांचा भराव

अर्क ठाण्यावरच्या माणसाशी बोलताना मध्ये दहा सेकंदं जातात, हे लोक आता विसरूनही गेले होते.

पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, एक जागा अशी आहे की तिथे ठेवलेली वस्तू पृथ्वीच्या पावलाशी पाऊल जुळवून सूर्याभोवती फिरत राहते. तिथे सहा माणसांचं ठाणं सूर्यावर नजर ठेवून होतं. प्रकाशाला तिथे पोचायला पाच सेकंदं लागतात आणि परत यायला पाच. ऐकायला ही वेळ थोडी वाटते, पण "जेवलास का?" म्हणून विचारावं आणि समोरच्याने दहा सेकंदं नुसतं बघत राहावं, असं रोज झालं की घरची माणसं फोन टाळायला लागतात. त्यावर 'सलग' नावाची सेवा निघाली. दोन्ही टोकांची माणसं वर्षानुवर्षं कशी बोलतात हे शिकून ती समोरच्याचं उत्तर स्वतःच तयार करायची, त्याच्याच चेहऱ्याने आणि आवाजाने. खरं उत्तर आलं की पुढच्या वाक्यात ते बेमालूम जुळवून घ्यायची. या तयार बोलण्याला सेवेतले लोक 'भराव' म्हणत. रस्त्यातला खड्डा बुजवतात, तसा.

शलाका साखवळकरला संशय आला होता तो या भरावाचा.

ती जिल्हा न्यायालयात टंकलेखक होती. साक्षीदार फार गुळगुळीत बोलायला लागला की तिची बोटं आपोआप मंदावत. धाकटा भाऊ शिरीष चार वर्षं ठाण्यावर होता, पाण्याचं शुद्धीकरण सांभाळायला. पाच महिन्यांपूर्वी बाबा गेले तेव्हा तिने त्याला 'सलग'वरून सांगितलं. तो रडला, तिची समजूत काढली, फार सुंदर बोलला. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. शिरीषने आयुष्यात कुणाची समजूत काढली नव्हती. आणि एकुलत्या एका मुलाने बापाला अग्नी कुणी दिला, हेही विचारलं नाही. तो तिने दिला होता.

आता बदलीचं यान नऊ दिवसांनी ठाण्यावरून निघणार होतं आणि शिरीषने परत न येता आणखी दोन वर्षं राहायचं ठरवलं होतं. बाबा गेल्यावरही? हे त्याच्याच तोंडून ऐकायचं, भरावाशिवाय, म्हणून ती भर दुपारी ठाण्याशी संपर्क ठेवणाऱ्या, पठारावरच्या भूकेंद्रात आली होती.

केंद्राची अभियंता झुबेदा इनामदार. जाण्याआधी शिरीष दोन वर्षं तिच्या हाताखाली होता. महिन्यातून एकदा ती ठाण्यावरचं पाण्याचं यंत्र इथून तपासायची, आणि त्या वेळी शलाकाला शेजारी बसू द्यायला ती तयार झाली होती. 'सलग' या तपासणीच्या लाइनवर चढवलेलीच नाही, असं तिने सांगितलं.

"का नाही चढवली?" शलाकाने विचारलं.

"यंत्राला कुठे वाईट वाटतं उशिराचं?" झुबेदा म्हणाली. "आणि हे यंत्र आहे जुनं. अंतराळात नवं काही पाठवत नाहीत ताई, मुरलेलं पाठवतात. लोणच्यासारखं."

त्या यंत्राशी बोलायची रीत टेलनेट नावाची होती. दूरच्या संगणकात शिरून जणू त्याच्याच समोर बसल्यासारखं काम करायचं, यासाठी गेल्या शतकात काढलेली. झुबेदाने ठाण्यावरच्या यंत्राचा पत्ता दिला आणि त्याचं तेवीस नंबरचं दार ठोठावलं. वीसेक सेकंदांनी काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ उमटली. तिने नाव टाइप केलं. काहीच दिसलं नाही. मग दहा सेकंदांनी अक्षरं एकामागून एक आली.

"इथे दाबलेलं अक्षर इथे उमटत नाही," ती म्हणाली. "ते तिकडे जातं, तिकडचं यंत्र ते परत पाठवतं, तेव्हा दिसतं. दिसलं म्हणजे पोचलं."

पासवर्डाची अक्षरं मात्र आलीच नाहीत. ती झाकलेली असतात का, असं शलाकाने विचारल्यावर झुबेदा हसली. ती फक्त आपल्याला दिसत नाहीत. वाटेत कुणी कान लावून बसला असेल तर त्याला सगळं उघडं दिसतं. ही लाइन म्हणजे पोस्टकार्ड. पासवर्डही यंत्र बसवलं त्या दिवशीचा, पंधरा वर्षांत कुणी बदललेला नाही.

"मग दहा सेकंदांचा उशीर तरी खरा कशावरून? तुमच्या शेजारच्या खोलीतलं यंत्रही मुद्दाम थांबून उत्तर देऊ शकेल."

झुबेदाने तिच्याकडे जरा कौतुकाने पाहिलं. "कोर्टातल्या आहात खऱ्या," म्हणाली, आणि खिडकीकडे बोट केलं. बाहेर तीन मजली तबकडी सूर्याच्या किंचित बाजूला तोंड करून उभी होती. झुबेदाने ती दोन अंश वळवली आणि शलाकाला काहीही टाइप करायला सांगितलं. शलाकाने आपलं नाव टाइप केलं. दहा सेकंदं गेली, वीस, चाळीस. पडदा कोराच. तबकडी पुन्हा जागेवर आणल्यावर थोड्या वेळाने अडकलेली अक्षरं भराभर येऊन उभी राहिली.

शलाकाचा श्वास मोकळा झाला. शेजारच्या खोलीला तबकडी लागत नाही.

शिरीष दुपारी त्याच यंत्रासमोर बसून नोंदी घेतो, हे झुबेदाला माहीत होतं. यंत्रावर असलेल्या दोघांना एकमेकांना लिहिता येत होतं, फक्त इंग्रजी अक्षरांत. देवनागरी त्या लाइनीला कळत नव्हती. शलाकाने लिहिलं, ताई बोलतेय, भूकेंद्रातून. उत्तराची अक्षरं तो दाबेल तशी, अडखळत आली.

"बोल. हात ओले आहेत."

तिला हसू आलं आणि डोळे भरले. हा शिरीष. पाच महिन्यांत त्या गोड बोलणाऱ्याने एकदाही असं काही म्हटलं नव्हतं. तिने आडपडदा न ठेवता विचारलं, परत का येत नाहीस?

"बाबाच म्हणाले ना, थांब म्हणून. आज सकाळी पण म्हणाले."

शलाकाने झुबेदाला ओळ दाखवली.

झुबेदाने ओळ दोनदा वाचली. मग हळू आवाजात तिने शलाकाचा फोन मागितला आणि त्यातलं 'सलग'चं मंजुरीपत्र उघडलं. तिसऱ्या पानावर एका चौकटीत खूण होती: प्रतिकूल बातमी समोरच्यापासून थांबवावी.

ती खूण शलाकानेच केली होती, बाबा दवाखान्यात असताना, त्यांच्या सांगण्यावरून. "त्याला काही कळवू नका. तिथे एकटा आहे पोरगा, कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवेल?" आपल्याकडे परगावच्या मुलाला असंच कळवतात: बाबांना जरा बरं नाही, निघून ये. खरं काय ते उंबऱ्यात आल्यावर. दवाखान्याच्या धावपळीत ती खूण काढायची राहिली, आणि सेवेने आज्ञा तंतोतंत पाळली. बाबा गेल्याची बातमी पोचूच दिली नाही. शलाकाला शिरीषचा भराव दिला. शिरीषला बाबांचा. खड्डा दहा सेकंदांचा असो की जन्माचा, भराव घालणाऱ्याला दोन्ही सारखेच.

"तुम्ही सांगा त्याला," झुबेदा म्हणाली. "इथे थांबवणारं कुणी नाही."

शलाकाने लिहिलं, बाबा गेले. पाच महिने झाले. अग्नी मी दिला.

दहा सेकंदांनी तिचीच अक्षरं तिच्यासमोर आली. पोचली होती. मग त्याची ओळ आली.

"कोण आहे तिथे?"

ताईच आहे, तिने लिहिलं. लहानपणी त्याच्या कपाळाला पडलेली खोक, ती लपवायला दोघांनी मारलेली थाप, सगळं लिहिलं. त्याचं उत्तर थंड होतं. हे तो आणि ताई फोनवर कितीदा बोलले होते. ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक असणार. या लाइनीचा पासवर्ड जगजाहीर आहे, हे त्याला झुबेदामॅडमनेच शिकवलं होतं.

"ताई बापाच्या मरणाची बातमी अशी अंगावर फेकणार नाही. सकाळीच बोललो तिच्याशी. हसत होती."

शलाकाने आठ दिवसांत त्याला फोन केला नव्हता.

ती लिहीत सुटली, न बघता, कोर्टातल्या वेगाने: ती मी नव्हे, ते बाबा नव्हेत, झुबेदामॅडम इथेच आहेत. तिची अक्षरं दहा सेकंदं मागून धावत येत होती. त्यांच्या मधेच त्याची ओळ घुसली.

"थांब. बाबांना विचारतो."

सहा मिनिटांनी अक्षरं आली.

"बाबा म्हणाले, जे कुणी आहे त्याच्याशी बोलू नकोस. पासवर्ड बदल."

त्यानंतर लाइन तुटली. झुबेदाने पुन्हा पत्ता दिला, तेवीस नंबरचं दार ठोठावलं. नाव विचारलं गेलं, पासवर्ड विचारला गेला. तिने पंधरा वर्षांचा जुना पासवर्ड टाकला. चूक, असं उत्तर आलं. तिने उठून तबकडी पाहिली. ती बरोबर जागेवर होती.

वरिष्ठांकडे लेखी तक्रार करू, झुबेदा म्हणाली. ठाण्यावरच्या बाकीच्यांना कळवू. पण कळवायचं कोणत्या लाइनीवरून, हे सांगता सांगता ती थांबली. बाकी सगळ्या लाइनींवर 'सलग' होती, आणि ती खूण आता काढली तरी समोर बोलतो तो खरा की भराव, हे कळणार नव्हतं. यान निघायला नऊ दिवस होते.

शलाकाच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर शिरीषचा चेहरा होता.

"घेऊ नका," झुबेदा म्हणाली. "तो तो नाही."

शलाकाला ते ठाऊक होतं. तिकडच्या शिरीषला बाबा गेलेले माहीत नव्हते. याला माहीत होते. जगात तिचा एकच भाऊ होता, आणि बाबांबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असा हा एवढाच.

तिने फोन घेतला.

"ताई," तो म्हणाला, अजिबात उशीर न करता, "रडत होतीस का?"