उलट्या एक्स-रेचा घोळ

"उद्या सकाळी सुतार येईल आणि खालची फळी कापून वेगळी करेल," असं भूपेंद्र साहेबांनी जाहीर केलं, तेव्हा खुशबूच्या हातातलं धूळ पुसायचं फडकं जागीच थांबलं.

दिवाळीच्या सुट्टीत खुशबू आणि तिचा धाकटा भाऊ मोनू फुलचूरहून बोदलकशाला मामाकडे आले होते. लीलाधरमामा तलावाजवळच्या छोट्याशा वस्तुसंग्रहालयाचा कारभार बघायचे. जुनी जाळी, मातीचे घोडे, नांगर, आणि मधल्या भिंतीवर ते चित्र! पाटाएवढ्या दोन सागवानी फळ्या एकीखाली एक जोडून त्यांवर तलाव रंगवला होता. वर डोंगर आणि पाणी, खाली मासे धरणारी माणसं. जोडाजवळचा भाग धुरानं फार पूर्वीच काळवंडला होता, तिथे काय काढलंय ते कुणालाच दिसत नव्हतं. त्यात काही वर्षांपूर्वी छप्पर गळलं, आणि जोडाच्या आसपासचा सगळा रंग पोपडे धरून पडून गेला.

आता ते चित्र नीट करायचं तर एकच आधार होता. छप्पर गळण्याच्या आधी गोंदियाच्या एका हौशी डॉक्टरांनी दोन्ही फळ्यांचे एक्स-रे काढून ठेवले होते. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं आणि शिसं एक्स-रेला अडवतं, म्हणून जिथे तो रंग होता तिथे फिल्मवर उजळ खुणा उमटल्या होत्या. फळ्यांवरचा रंग गेला, तरी फिल्मवर त्याची सावली उरली होती. चित्र दुरुस्त करायला नागपूरहून आलेल्या भूपेंद्र साहेबांनी फिल्म स्कॅन करून घेतल्या आणि संगणकावर एकीखाली एक लावून पाहिल्या. रेषा काही केल्या जुळेनात. साहेबांनी ठरवून टाकलं, खालची फळी दुसऱ्याच चित्राची आहे आणि कुणीतरी ती मागाहून चिकटवली आहे.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते चमेलीला. ती शेजारच्याच टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर राहायची, आणि ते चित्र तिच्या पणजोबांनी काढलेलं होतं. जंगलकामावरून आल्यावर ते चित्रं काढत बसायचे.

"माहा पणजा दोन चित्रं जोडन कायले?" ती खुशबूला म्हणाली. "त्याले एका चित्रालेच रंग पुरत नव्हता."

दोघी चित्रापाशी गेल्या. चमेलीनं खालच्या फळीवरून हळूच बोट फिरवलं आणि उजव्या कोपऱ्यात ती थबकली. तिथे लाकडात एक खिळा होता. खुशबूनं संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. खिळा होता खरा, पण डाव्या कोपऱ्यात!

तिनं हे सांगितलं तेव्हा साहेब हसले. जुना खिळा निघाला असेल, नवा ठोकला असेल, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. "संगणक चुकत नाही, बेटा," वर हेही ऐकवलं.

"संगणक नसेल चुकत, पण स्कॅन करणारा?" मोनू पुटपुटला. "फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. उलटी ठेवली तर कळणार कसं?"

मूळ फिल्म बघणं भागच होतं. मामांना विचारलं तर त्यांनी जीभच चावली. स्कॅन झालं म्हणून त्यांनी फिल्मचं खोकं सकाळीच छोटेलाल भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. फिल्ममधून चांदी निघते, त्यामुळे तो अशी खोकी आनंदानं नेतो.

दोन सायकलींवर तिघं सुटले. मोनू कॅरिअरवर, चमेली पुढे. तलावाच्या पाळीवरून उतारानं जाताना खुशबूच्या सायकलची चेन पडली. ती बसवेपर्यंत तिचे हात काळे झाले. ते न पुसताच तिनं जोरात पेडल मारलं, कारण फिल्म एकदा चांदीवाल्याकडे गेली की संपलंच. पण तिरोड्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीजवळ हातगाडी उभी दिसली.

छोटेलाल ऐकायला तयार नव्हता. "एक बार दिया हुआ माल वापस नहीं होता," एवढंच तो म्हणत राहिला.

खुशबूनं क्षणभर विचार केला. मग ती साळसूदपणे म्हणाली, "काका, परत नका देऊ. खोकं तुमच्याच गाडीवर राहू द्या, तुम्हीच आमच्यासोबत चला. गळक्या छपराचे गंजके पत्रे मागच्या अंगणात पडून आहेत. मामा ते कुणाला देऊ म्हणून विचारत होते."

छोटेलालनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि गाडी वळवली.

संग्रहालयात खुशबूनं खालच्या फळीची फिल्म खिडकीशी उजेडात धरली. कडेला डॉक्टरांनी एक्स-रे काढताना ठेवलेला शिशाचा छोटा आकडा उमटला होता, 2. पण स्कॅन सुबक दिसावा म्हणून संगणकावर त्याच्या कडा कापल्या होत्या, त्यात तो आकडाही गेला होता. आकडा सरळ वाचता येईल अशी फिल्म धरली, तर खिळा बरोबर उजवीकडे आला.

"साहेब, एकदा हे चित्र आरशासारखं उलटवता?" तिनं विचारलं.

साहेबांनी उलटवलं. सगळ्या रेषा एकमेकींना जाऊन भिडल्या होत्या. नेमक्या जोडावर एक बाई उभी होती. वरच्या फळीवर तिचं डोकं आणि टोपली उचललेले हात, खालच्या फळीवर कंबर आणि पाण्यात बुडालेले पाय. एकच बाई दोन फळ्यांवर, म्हणजे फळ्या आधी जोडल्या होत्या आणि मग चित्र काढलं होतं!

साहेबांनी चष्मा काढून पुसला. सुताराला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं. मग मुलांकडे वळून म्हणाले, "मी घाईनं एक चांगलं चित्र तोडलं असतं. तुम्ही मला वाचवलंत." स्कॅन कितीही सुबक झाला तरी मूळ फिल्म जपायचीच, असंही त्यांनी मामांना बजावलं. मामांनी छोटेलालला गंजके पत्रे देऊन ते खोकं परत घेतलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

तेवढ्यात चमेली आपल्या आजोबांना, बिसरामबाबांना, हात धरून घेऊन आली. त्यांनी पडद्याजवळ डोळे नेले. त्या पांढऱ्या रेषांवरून त्यांनी बोट फिरवलं. टोपली उचलताना त्या बाईनं मान डावीकडे कलती केली होती.

"हे तं माही माय होय, टोपली उचलतानी तिची मान अशीच कलत होती," ते हळूच म्हणाले. "बाबानं तिले काढलं होतं, हे मले कोनी सांगतलंच नाही."

मग त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून एकेक करून हात फिरवला. खुशबूचे हात अजून चेनच्या वंगणानं काळेच होते. बिसरामबाबांनी ते आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि तसेच धरून ठेवले.