दुसऱ्या बटणावरची सुमन

ही हकीकत खरी आहे. रजनी दिघे यांनी ती एकदाच सांगितली. तीही भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून.

ठिकाण उज्जैन, फ्रीगंज. साल १९५६. दिवाळी तोंडावर आलेली, आणि मध्यभारत राज्याचे शेवटचे दिवस चाललेले.

रजनीच्या वडिलांचं, अण्णांचं, ऑफिस नव्या राजधानीत, भोपाळला हलणार होतं. तिथे तिच्यासाठी स्थळही बघून ठेवलेलं होतं. तिला ते नको होतं.

अण्णांनी एकच सवलत दिली होती. "टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी लागली तर काकांकडे रहा. नाही तर सामान बांध."

म्हणून ती भय्यासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये जायची. भय्यासाहेब तारखात्यातून रिटायर झालेले. मोहल्ल्यातल्या पोरांना भंगारातले रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, दिवे, बॅटऱ्या देऊन सर्किट जोडायला शिकवत.

"दिव्याला दोनच गोष्टी समजतात," ते म्हणत. "आहे आणि नाही. बीच का कुछ नहीं."

रजनीचं सर्किट साधं होतं. एक बटण बाहेरच्या खोलीत. दुसरं आतल्या खोलीत, दाराखालून नेलेल्या तारांवर. दोन्ही एकदम दाबली तरच दिवा लागणार. एकट्याला जमणारच नाही.

वर्कशॉपचा एक नियम होता. बॅटरी जोडण्याआधी बाहेरच्यानं विचारायचं, "हात?" आतल्यानं तारांवरून हात काढून सांगायचं, "मोकळे." उत्तर आल्याशिवाय बॅटरीला हात लावायचा नाही.

त्या दुपारी वर्कशॉपला सुट्टी होती. रजनी एकटीच बाहेरच्या खोलीत तारा तपासत बसली होती. एक्स्चेंजचे प्रभुणेसाहेब दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा घ्यायला येणार होते. तेव्हा आतल्या बटणावर भय्यासाहेब बसणार होते.

साहेब त्याच दुपारी आले.

"भय्यासाहेब नहीं हैं? तुम्ही एकट्याच?"

अनोळखी पुरुष. रिकामी इमारत. घरच्या वळणानं तिच्या तोंडून निघून गेलं...

"नाही. आत सुमन आहे."

सुमन नावाचं वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतंच.

"छान. मग आजच दाखवा की."

खोटं कबूल करावं तर नोकरी गेली. गप्प बसावं तर दिवा लागणार नाही, म्हणजे तरीही गेली. थोडा वेळ मिळावा म्हणून तिनं हाक दिली.

"सुमन... हात?"



बाहेर रस्त्यावर टांग्याची घंटी वाजली. मग ती थांबली.

आणि आतून...

"मोकळे."

बाईचा आवाज. अगदी दाराला लागून.

रजनीनं बॅटरी जोडली. का जोडली, ते तिला आजही सांगता येत नाही. तिनं आपलं बटण दाबलं.

टक.

रिले वाजला. दिवा लागला.

"आता तिला सोडायला सांगा," साहेब म्हणाले.

रजनीनं तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आत... दिवा विझला.

साहेब हसले. "बडी फुर्तीली है. बोलवा तिला बाहेर."

"ती... लाजते."

"एक्स्चेंजात लाजून कसं चालेल? असो. दोघींना घेतो. माझ्याकडे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. सोमवारी दोघी या."

साहेब गेले. बऱ्याच वेळानं रजनीनं आतलं दार ढकललं.

खोली रिकामी. खिडकीला गज. टेबलावर धूळ...

आणि बटण नव्हतं.

नुसती दोन तारांची टोकं लोंबत होती. एकमेकांपासून वीतभर लांब.

बटण भय्यासाहेबांनी सकाळीच घरी नेलं होतं, साफ करायला. हे त्यांनी नंतर सहज सांगितलं. रजनीनं त्यांना काही सांगितलं नाही. गोष्ट साहेबांच्या कानावर गेली असती.

सोमवारी ती मुद्दाम लवकर गेली. एकटी. सबब तयार होती, सुमनला ताप आहे.

सुपरवायझर मीराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही रजनी ना? या. मैत्रीण केव्हाची आली तुमची."

"कोण?"

"कोण काय? सुमन. आत बसलीय. शेजारच्या खुर्चीवर कोणाला टेकू देईना. म्हणते, रजनीची आहे."

रजनी दारातच थबकली. घरी अण्णांच्या ट्रंका बांधून तयार होत्या.

ती आत गेली.

निवृत्त होईपर्यंत तिनं तिथेच नोकरी केली. शेजारच्या खुर्चीबद्दल विचारलं, तेव्हा रजनीबाईंनी आधी मागे वळून पाहिलं...

मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "हळू बोला. आत सुमन आहे."