बदलीचा ट्रॅक

लाइट तासभर तरी येत नाही आता. ठेवा ते मोबाइल बाजूला. तुमचं सगळं हल्ली ढगात असतं म्हणे. आमच्या वेळी चकत्यांवर असायचं, एकावर एक रचलेल्या, ताटांच्या चळतीसारख्या.

"काका, भुताची सांगणार होतात," पुतणी म्हणाली.

तीच सांगतोय, शहाणे. धीर धर.

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात एक साहेब होते. शहाऐंशी साल, अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेअकराला साहेब एकटेच मशीनच्या हॉलमध्ये आले. काम साधंच होतं. जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या डिस्कवर उतरवायचा, सकाळी जुनी डिस्क भंगारात. असली कामं साहेब लोक स्वतः करत नाहीत. पण त्या डिस्कला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता त्यांना, आणि त्याला कारण होतं मास्तर.

मास्तर म्हणजे आमचे रात्रपाळीचे ऑपरेटर. शिकवलं कुणालाच नाही कधी, पण चुका काढायची भारी खोड, म्हणून मास्तर. घसा खाकरायचे तोही तीनदाच, अगदी मोजून. आमचं मशीन होतं एकच, पण पोटात वीस मशिनी असल्याचं सोंग करायचं. औषध विभागाला वाटे आपलं वेगळं मशीन, रक्तपेढीला वाटे आपलं. मास्तरांचंही त्यात एक होतं. प्रत्येकाला डिस्कचा एकेक तुकडा दिलेला.

चकतीवरच्या गोल वाटांना आम्ही ट्रॅक म्हणायचो. एखादा ट्रॅक खराब निघाला की त्याच्यावर बादची खूण करायची आणि कडेला राखून ठेवलेल्यांतला एक त्याच्या बदली द्यायचा. मग कुणी बाद ट्रॅक मागितला, की मशीन त्याला गुपचूप बदलीच्या ट्रॅककडे पाठवी. मागणाऱ्याला पत्ताही लागत नसे. हे आकडे मास्तर डिस्कच्या झाकणावरच्या चिठ्ठीत लिहीत. डावीकडे बाद, उजवीकडे बदली. निळी शाई, आणि सातच्या पोटात आडवी रेघ.

एके रात्री मास्तरांना औषध विभागाच्या तुकड्यात एक ट्रॅक खराब सापडला. कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, ते त्याच्यावर लिहिलेलं. त्यांनी लगेच साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या वरची मंडळी मशीन बघायला येतायत. आत्ता काही बंद करायचं नाही. चालू ठेवा." मास्तरांनी हे सगळं मशीनमधल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. तीन दिवसांनी एका पोरीला नको ते इंजेक्शन दिलं गेलं. आठ वर्षांची होती. गेली बिचारी.

चौकशी लागली. साहेबांनी काय केलं असेल? रोजनिशी ज्या ट्रॅकवर होती, तो ठणठणीत ट्रॅक बाद ठरवला. खूण करताना वरचं लिखाण पुसलं जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्याच्या जागी कोरा ट्रॅक दिला. मग माणूसही तसाच बाद ठरवला. मास्तरांनी तपासणीच केली नाही, असा शेरा मारून त्यांना घरी बसवलं. मास्तर घसा फोडून सांगत राहिले, कुणी ऐकलं नाही. पोरीचा जीव घेणारा म्हणून लोक बोट दाखवायचे. चार महिन्यांत खंगून वारले. मला आजही त्या साहेबाचा असा संताप येतो ना!

तर ती रात्र. दोन वाजून दहा मिनिटं.

कन्सोलचा, म्हणजे मशीनला हुकूम द्यायचा, टाइपरायटर आपोआप खडखडला. ओळ आली. मास्तरांचं मशीन सुरू झालं.

मशीनमधून मास्तरांचं नाव काढून टाकल्याला दोन वर्षं झाली होती.

साहेबांनी ते बंद केलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा बंद केलं. पुन्हा सुरू.

मग दुसरी ओळ. बादची खूण काढली. ट्रॅक तपासला. ट्रॅक चांगला आहे.

प्रिंटर सुरू झाला. "औषध विभागाचा ट्रॅक खराब. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, चालू ठेवा." साहेबांनी कागद फाडला. पुन्हा तीच ओळ. पुन्हा फाडला. पुन्हा तीच. त्यांनी प्रिंटरची वायर उपटली.

प्रिंटर चालूच...

"तुम्ही कुठे होतात तिथे?" पुतण्याने विचारलं.

नव्हतोच रे. पण कन्सोलवरचं सगळं कागदावर उमटायचं, साहेबांनी काय टाइप केलं तेसुद्धा. शेवटी त्यांनी टाइप केलं होतं, "काय हवंय?"

खाली उत्तर होतं. "नवीन बाद नोंद घेतली. बदली दिली."

साहेबांनी घरी फोन लावला. हे त्यांच्या बायकोने, वहिनींनी, स्वतः मला सांगितलं.

"अगं, मी बोलतोय."

"कोण मी?"

"अगं, मी! आवाज ओळखला नाहीस का?"

"अहो, रात्री-अपरात्री कसली चेष्टा ही? हे केव्हाच आलेत घरी. जेवून झोपलेत."



मग वहिनींच्या मागून, अंधारात, पलंगावरून कुणीतरी घसा खाकरला.

एकदा.

दोनदा.

...

तिसऱ्यांदा खाकरला, तेव्हा फोनवरचा माणूस किंचाळला म्हणे.

वॉचमनला हॉलचं दार आतून बडवल्याचा आवाज आला. त्याने धावत जाऊन उघडलं. आत कुणी नव्हतं. त्याने दार लावलं. पुन्हा बडवायला लागलं. पहाटेपर्यंत.

सकाळी सातला मी कामावर पोचलो. साहेबांचे बूट दाराशी तसेच होते. साहेब मात्र पुन्हा कुणाला दिसले नाहीत. वहिनी म्हणाल्या, पहाटे पाचला ऑफिसला म्हणून निघाले, रात्रभर नुसता घसा खाकरत होते.

प्रिंटरखाली कागदांचा ढीग पडला होता, सगळ्यावर तीच एक ओळ. तो मी उचलून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन टाकला. मास्तरांवरचा शेरा पुसला गेला, घरी पत्र गेलं. मास्तरांच्या बायकोने ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "एवढ्याने भागत नाही, भाऊ."

मी म्हटलं, "भागलंय, वहिनी."

कारण भंगारवाला यायच्या आधी मी झाकणावरची ती चिठ्ठी काढून घेतली होती. तिच्यावर शेवटी एक नवी ओळ होती. डावीकडे साहेबांचा नोकरीचा नंबर. उजवीकडे मास्तरांचा. सातच्या पोटात आडवी रेघ.

आहे ना, त्या वरच्या कप्प्यातच आहे. लाइट आली की दाखवतो. फक्त बोट लावू नका. शाई अजून ओली आहे.