पाटावरचा हातोडा थांबला!

"हाण तिला, तोनेर! हाण!" बाझील कुंपणावर चढून ओरडला.

दोन काळ्या गाई कपाळाला कपाळ भिडवून एकमेकींना रेटत होत्या. खुरांखालची माती उडत होती. तोनेर कळपाची राणी होती, आणि मोरेलला आज राणी व्हायचं होतं. एकदम तोनेरने मान खाली घातली, शिंग फिरवलं आणि मोरेलच्या खांद्यावर रक्ताची लांब रेघ उमटली. मोरेल वळली आणि पळत सुटली.

"संपलं! हरली तुझी मोरेल!" बाझीलने इन्यासच्या पाठीत धपाटा घातला.

"हरली नाही! दमली!" दहा वर्षांचा इन्यास रडवेला झाला होता.

"गप रे बाझील," झेनोबी म्हणाली. "शहरातून आलाय आणि गाईंवर भाषण देतोय. तुला परवा वासराने लोळवलं होतं ना?"

बाझील झेनोबीचा आणि इन्यासचा चुलतभाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघंही वरच्या कुरणावर, आजोबांच्या झोपडीत राहायला यायची. गाई सेराफीन आत्या सांभाळायची. आत्ताही ती मोरेलची जखम धुवायला आली.

"अशा वेड्या असतात या," ती म्हणाली. "कोणी लढवत नाही, आपणच लढतात. आता बघा, मोरेल चढावर जरा उंच जाऊन उभी राहिली ना, की तोनेरच्या डोक्यात पुन्हा भडका. राणीच्या वर कोणी उभं राहायचं नाही!"

ती बोलत होती आणि झेनोबीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कुरण कसं ओकंओकं वाटत होतं.

"हातोडा!" ती ओरडली. "हातोडा थांबलाय!"

झोपडीशेजारून गावाच्या शेतांकडे पाण्याचा पाट जायचा. पाटावर एक लाकडी चाक होतं. पाणी वाहिलं की चाक फिरायचं आणि चाकाचा हातोडा फळीवर आपटायचा. ठक. ठक. ठक. आवाज थांबला, की पाट फुटला असं समजून सगळे धावायचे. आजोबा पाटाचे राखणदार होते. वसंतात आजी गेली. तेव्हापासून त्यांना झोप लागायची ती त्या ठकठकीवरच.

आजोबा झोपडीच्या दारात काठी घेऊन उभे होते. डोळे लाल झाले होते.

"ऑगस्टचं ऊन आहे," ते म्हणाले. "हिमनदी भराभर वितळतेय. ओढ्याला पूर हवा, आणि पाटात चूळ भरायला पाणी नाही? माझा गुडघा चालत असता तर मीच गेलो असतो."

"आम्ही जातो, आजोबा! फळी निसटली असेल," झेनोबी म्हणाली.

"बघून या. शहाणपणा करू नका."

"शहाणपणा बाझीलकडे नाहीच आहे!" इन्यास म्हणाला आणि पळाला.

पाटाच्या कडेकडेने तिघं चढली. एकही फळी निसटलेली नव्हती. बांध कुठे फुटलेला नव्हता. पाट जिथे ओढ्यातून निघतो तिथे पोहोचल्यावर झेनोबी थबकली. ओढाच आटला होता. दगडांमध्ये एक मासा तडफडत होता.

"पाणी गेलं कुठे?" बाझीलने विचारलं.

"वरच अडलंय," झेनोबी म्हणाली. "चला!"

वरच्या धोंड्यांच्या उतारावर रांगत तिघं माथ्यावर पोहोचली. समोर तळं होतं. आजोबा तरुण असताना इथे तळं नव्हतं, सगळं बर्फ होतं. ते इथे उन्हाळ्यातसुद्धा लोकांना स्की शिकवायचे. आता हिमनदी मागे सरकली होती. स्कीवाल्यांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या कंपनीने, उरलेला बर्फ वितळू नये म्हणून त्यावर पांढरी कापडं पांघरली होती. आजारी माणसावर चादर टाकावी तशी ती दिसत होती.

तळं काठोकाठ भरलं होतं. त्याच्या तोंडावर खडीच्या पोत्यांची भिंत होती! शेजारी बुलडोझर, आणि काळे जाड पाइप.

"ए! खाली व्हा!" कंपनीचा मुकादम ग्रेमो जीपमधून उतरून धावत आला.

"ग्रेमोकाका, हे पाणी तुम्ही अडवलंत?" झेनोबीने विचारलं.

"मग? आभाळातून पडतो का हल्ली बर्फ? हिवाळ्यात यंत्राने पाडावा लागतो. त्याला पाणी लागतं!"

"गावाला विचारलंत?"

"गाव बसेल चर्चा करत! उतारावर बर्फ नाही तर लिफ्ट बंद, हॉटेलं बंद." त्याने बाझीलकडे बोट केलं. "याचा बाप आमच्याकडेच मेकॅनिक आहे. सगळ्यात आधी तो घरी बसेल. सांग की तुझ्या बहिणीला!"

बाझीलचा चेहरा पडला. पण इन्यास भिंतीखाली वाकून बघत होता.

"ताई, इथून पाणी येतंय. गढूळ आहे."

गढूळ! म्हणजे पाणी भिंतीला आतून पोखरत होतं. भिंतीच्या सरळ रेषेत खाली कुरण होतं. तिथे आत्या होती, आजोबा होते, सगळा कळप होता.

"काका, भिंत फुटेल! पोती काढा!"

"पोती काढा म्हणे! निघा!" ग्रेमोने तिचा दंड धरून तिला ढकललं. बाझील मध्ये घुसला. ग्रेमोचा हात फिरला आणि बाझीलच्या नाकावर बसला. बाझील धोंड्यावर आपटला. रक्ताने शर्ट लाल झाला.

त्याच क्षणी पलीकडे तोफ उडावी तसा आवाज झाला. हिमनदीचं तोंड तुटलं! घराएवढा बर्फाचा तुकडा तळ्यात कोसळला. लाट उसळली आणि पोत्यांवरून धडाधड खाली आली. भिंतीचा एक कोपरा खचला.

"दोन पोती सरकली! लावतो मी!" ग्रेमो म्हणाला, पण जीपकडे सरकत.

"पळा!" झेनोबी किंचाळली.

तिघं धोंड्यांवरून घसरत, गुडघे फोडत खाली निघाली. मागे जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"आपल्याला पकडायला येतोय!" बाझील नाक दाबून म्हणाला.

"येऊ दे! त्याला वळणावळणाने यावं लागेल!"

कुरणावर पोहोचेपर्यंत झेनोबीचा श्वास फुलला होता. "आत्या! तळं फुटतंय! गाई वर काढ!"

आत्याने बाझीलचं रक्त पाहिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. ती काठी घेऊन धावली. पण दुपारचं ऊन होतं. गाई रवंथ करत पसरल्या होत्या. आत्याने हाका मारल्या, काठी आपटली. एकीने कान हलवला, बस!

"उठा गं बायांनो! मराल!" आत्या रडायला आली. या गाईंपलीकडे तिचं दुसरं काही नव्हतं.

वरून घरघर ऐकू येत होती. झेनोबीने तोनेरकडे पाहिलं, मग मोरेलकडे.

"इन्यास! मोरेलला मीठ दाखव आणि त्या उंच टेकाडावर ने! पळ!"

"तोनेर तिला मारेल!"

"तेच तर हवंय!"

इन्यासने गाईंना चाटवायला खिशात ठेवलेलं मीठ काढलं. मोरेल लंगडत त्याच्यामागे चढू लागली. वर, आणखी वर. तोनेरने मान उचलली. कालपर्यंत जिचं नाव नव्हतं ती आपल्या डोक्यावर उभी? तोनेर हंबरली, उठली आणि सुटली! राणी उठली तसा सगळा कळप उठला. घंटा बडवत गाई चढावर धावल्या.

वाटेत ग्रेमोची जीप आडवी आली.

"कुठे नेताय? गावात बोंब करायची नाही!" तो खिडकीतून ओरडला.

तोनेरला वाट सोडायची सवयच नव्हती. तिने डोकं खाली घातलं आणि जीपच्या दारावर धडक दिली. धाड! काच फुटली. पुन्हा धाड! ग्रेमो दुसऱ्या दाराने बाहेर पडला, पडताना पाय मुरगळला, आणि गाईंच्या पुढे ओरडत, लंगडत टेकाडाकडे धावला.

इकडे झेनोबी आणि बाझील आजोबांना दोन्ही काखांत धरून ओढत होती.

"सोडा रे मला, हातोडा..."

"हातोडा गेला खड्ड्यात, आजोबा! तुम्ही चला!"

ते टेकाडावर पोहोचले आणि आधी वारा आला. ओल्या मातीचा वास आला. मग भिंतीसारखं करडं पाणी, त्यात धोंडे, बर्फ, उलटापालटा होणारा बुलडोझर. पाण्याने जीप उचलून खडकावर आपटली. झोपडी काडेपेटीसारखी चिरडली. पाटावरचं चाक एकदा जोरात फिरलं, हातोडा एकदाच वाजला, ठक! आणि दोन्ही दिसेनाशी झाली.

वर टेकाडावर तोनेर आणि मोरेल शेजारी शेजारी उभ्या राहून थरथरत होत्या. भांडायचं विसरल्या होत्या.

ग्रेमो खाली बसला होता. "मला वाटलं, थोडंच पाणी आहे," तो म्हणाला.

"आमच्या पोराच्या नाकाला हात लावलास ते आधी बोल," आत्या म्हणाली. ग्रेमोने मान खाली घातली.

नंतर गावच्या सभेत त्याने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तळ्याचं तोंड पुन्हा अडवायचं नाही, असं गावाने ठरवलं. वरची लिफ्टही उतरवायचं ठरलं. तिथे आता स्कीला बर्फ उरला नव्हता. लिफ्ट उतरवायला बाझीलचे बाबाच आले. पुढे काय काम करणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण लिफ्टचं एक मोठं चाक त्यांनी बाजूला ठेवलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी सगळं गाव पाटावर जमलं. त्या चाकाला फळ्या ठोकल्या होत्या. हातोड्याचा दांडा बाझीलने तासला होता, थोडा वाकडा.

गावच्या अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. "या तीन मुलांनी त्या दिवशी अख्खा कळप वाचवला नसता, तर..."

झेनोबीने पाट अडवणारी फळी उचलली. पाणी आलं. चाक कुरकुरलं आणि फिरलं.

ठक. ठक. ठक.

"...म्हणून गावाच्या वतीने मी या धाडसी मुलांचं..."

मोठ्याने घोरण्याचा आवाज आला. सगळे वळले. आजोबा काठीवर हनुवटी टेकून गाढ झोपले होते. पूर आल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

अध्यक्षबाई गोंधळल्या. "उठवू का त्यांना? तुमचं कौतुक चाललंय."

"नको, नको!" झेनोबी हळूच म्हणाली. "झालं आमचं कौतुक!"