मंगळवार माझा, शुक्रवार त्याचा

माझ्या झाडाला एक परका माणूस पाणी घालत होता. तेही निवांत, गुणगुणत, जसं काही बापाचंच आहे.

त्या सकाळी आमच्या दुकानाची दर्शनी काच बदलायला माणसं आली होती, म्हणून मावशीने मला “जरा हवा खाऊन ये, इथे लुडबुड नको” म्हणत बाहेर काढलं. मावशीचं चष्म्यांचं दुकान आहे. मी तिथे काचा बसवते, दांड्या वाकवते आणि लोकांच्या नाकांविषयी नको तितकी माहिती बाळगते. झाडाकडे मी एरवी संध्याकाळी जायचे, दुकान बंद झाल्यावर. सकाळची त्या दिवशी पहिल्यांदाच गेले... आणि हा.

“अहो,” मी म्हटलं, “ते झाड माझं आहे.”

तो वळला. उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि एका भुवईवर पीठ.

“माझं आहे,” तो म्हणाला. “समितीने दिलंय. तेवीस नंबर.”

“तेवीस नंबर मला दिलाय. पाटी वाचा.”

तो पाटीवर वाकला. डोळे बारीक केले, आणखी वाकला, शेवटी नाक पाटीला टेकायचं तेवढं राहिलं.

“तेवीसच,” तो म्हणाला. “म्हणजे माझंच.”

“आधी डोळे तपासून घ्या.”

“आणि तुम्ही आवाज. रात्रभर भट्टीपुढे उभा होतो मी. सकाळी सकाळी कोणी ओरडलं की पाव बसतो.”

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्याने पाहिलं.

आमच्या शहराने नागरिकांची एक पर्यावरण समिती केली आहे. पगार नाही, मान थोडा, काम भरपूर. वाचनालयाच्या तळघरात बैठक भरते आणि चहा हवा असेल तर आपापला कप घरून आणायचा, कारण समितीत कागदी कप आणणं म्हणजे शाकाहाऱ्याच्या घरी मासळी नेणं. रविवारी आम्ही वाचनालयाच्या दारात टेबल मांडतो. ओला कचरा कुठे, सुका कुठे, फाटलेल्या चादरीच्या पिशव्या कशा शिवायच्या, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो. निम्मे लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातात. त्याच समितीची योजना होती, ‘एक झाड, एक माणूस’. आणि समितीने एक झाड दोन माणसांना देऊन ठेवलं होतं.

हेडबाईंना बोलावलं. त्या आमच्या अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. त्यांनी झाडाच्या आळ्यात बोट खुपसलं, ते मुळापर्यंत बुडालं. बाहेर काढून वास घेतला.

“पानं पिवळी पडायला लागली तेव्हा काय केलंत?”

“पाणी वाढवलं,” मी म्हणाले.

“मीही,” तो म्हणाला.

“छान. हा सकाळी घालतोय, ही संध्याकाळी. मुळं कुजायला आली याची. अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही. चूक समितीची, पण जीव याचा जायचा.” त्यांनी बोट पुसलं. “एकाने हे सोडा. दुसरं झाड देते.”

मी सोडणार नव्हते, कारण ते माझं होतं. तो का सोडत नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

“ठीक आहे. आठवड्यातून दोनदा पाणी. मंगळवार तुझा, शुक्रवार याचा. बाकीचे दिवस हात लावायचा नाही.”

म्हणजे ज्या माणसाला मी आजच भेटले, त्याला पुन्हा न भेटण्याची व्यवस्था तिथल्या तिथे झाली. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. शपथ.

पुढच्या मंगळवारी गेले तर झारी वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर, वरच्या खिळ्याला टांगलेली. माझा हात पोचेना. विटेवर वीट ठेवून कशीबशी काढली आणि त्याच्या उंचीला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. विटा तशाच राहिल्या. त्यानंतरच्या मंगळवारी झारी खालच्या खिळ्यावर होती, अगदी माझ्या खांद्याशी. विटा नीट रचून बाजूला. मी कितीतरी वेळ झारीचा कान धरून उभी होते.

आणि मग एक दिवस तो दुकानात आला.

“डोळे तपासायला सांगितलं होतंत,” तो म्हणाला.

तपासले. नंबर निघाला. आता चष्मा करायचा तर दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं आणि ते मोजायचं तर समोरासमोर बसून, नाकावर पट्टी धरून, सरळ डोळ्यांत बघावं लागतं. हे मी दिवसातून कितीदा तरी करते.

“माझ्या डोळ्यांकडे बघा,” मी म्हटलं.

“बघतोय.”

“हलू नका.”

“तुमची पट्टी हलतेय.”

त्याच्या अंगाला भाजलेल्या पावाचा वास होता, पापण्यांच्या मुळाशी बारीकसं पीठ. मी आकडा विसरले. पुन्हा मोजला. पुन्हा विसरले.

“अजून किती वेळ बघू?” त्याने हळूच विचारलं. “घाई नाही... नुसतं विचारलं.”

पडद्यामागून मावशी खोकली. मावशीला खोकला नव्हता.

चष्मा तयार झाला त्या दुपारी मी नेमकी काचा आणायला गेले होते, आणि तो येऊन घेऊन गेला. “बराच वेळ थांबला होता गं,” मावशी म्हणाली. “दांडी घट्ट आहे म्हणाला. मी सैल केली. मग उगाच भिंतीवरची अक्षरं वाचत बसला. मग गेला.”

झालं, कारण संपलं. तो रात्री जागायचा नि दिवसा झोपायचा, मी दिवसा दुकानात. शुक्रवारी सकाळी मी जाऊ शकले असते. एकदा निघालेही. वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि पाय थबकले. काय सांगणार होते? सहज आले म्हणून? सहज कोणी चार गल्ल्या ओलांडत नाही. तो उगाच हसला असता, आणि ते हसू घेऊन मी कुठे गेले असते? तशीच परत फिरले आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसले.

पण संध्याकाळी मात्र मी जायचे. रोज. पाणी घालायचं नाही हे पाळलं, फक्त उभी राहायचे. नळाच्या बाजूला, जिथून त्याने आधाराच्या काठीला मारलेली गाठ दिसायची. खोड जाड झालं की तो ती गाठ सैल करायचा. गळलेली पानं मी आळ्यात सारून ठेवायचे, उन्हात माती सुकू नये म्हणून. काळोख पडला की घरी.

“रोज काय बघायला जातेस?” मावशी विचारायची. “झाड आहे ते, पळून नाही जायचं.”

झाड नव्हतं जाणार. मला भीती वेगळीच होती. झाडाने मूळ धरलं की समिती ते मोकळं सोडते आणि माणसाला दुसरीकडे पाठवते. पानं हिरवीगार होत होती. मी मनापासून जपलेलं झाड जगत होतं, आणि ते जगतंय म्हणून मला रडू येत होतं. असं वेड लागतं माणसाला.

शेवटी हेडबाईंनी एका रविवारी संध्याकाळी, टेबल आवरल्यावर, दोघांना बोलावलं. तो चष्मा लावून आला होता. मीच निवडलेली चौकट. छान दिसत होती, आणि मला कुठे बघावं कळेना.

हेडबाईंनी आळ्यात बोट खुपसलं. बोट जाईना. कपातलं पाणी ओतलं. ते वरच राहिलं, मुरेना.

“पाणी बरोबर घातलंत,” त्या म्हणाल्या. “पण माती दगडासारखी झालीय. कोण तुडवतंय इथे?”

“वाचनालयात येणारी मुलं असतील,” मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

“मुलं एका जागी उभी राहत नाहीत, जन्म गेला माझा त्यांच्यात. हे कोणीतरी रोज येऊन उभं राहिलंय. एक इथे, नळाच्या बाजूला. आणि एक तिथे, भिंतीकडे.”

मी भिंतीकडच्या जागेकडे बघितलं. तिथे मी कधीच उभी राहिले नव्हते.

“तो मी,” तो म्हणाला. “सकाळी सुटलो की येतो.”

“शुक्रवारी?”

“पाणी शुक्रवारी. येतो रोज.”

“आणि करतोस काय?”

“उभा राहतो.” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आदल्या संध्याकाळी पानं गोळा करून ठेवलेली असतात आळ्यात. रोज नवी. म्हणजे कोणीतरी रोज येऊन जातं... वाटायचं, एखाद्या दिवशी थांबलेलं सापडेल.”

इतके दिवस एकाच झाडाशी, एकमेकांची वाट बघत, तो सकाळी आणि मी संध्याकाळी.

“आणि तू?” हेडबाई माझ्याकडे वळल्या.

“मीही. संध्याकाळी.”

“रोज?”

“रविवारी दोनदा.”

हेडबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग खुरपं घेऊन खाली बसल्या आणि माती भुसभुशीत करायला लागल्या. “आधी पाण्याने बुडवलंत,” त्या मातीशी बोलावं तसं पुटपुटल्या, “आता पायांनी मारताय. झाड लागलंय आता. उद्यापासून दोघांनीही इकडे फिरकायचं नाही. तुला नदीकडचं झाड, हिला दवाखान्याच्या रस्त्यावरचं.” शहराची दोन टोकं. त्या उठल्या, कप उचलला. “मी हा धुऊन येते. मला वेळ लागेल.”

आम्ही दोघं उरलो. कोणीच मातीवर पाय ठेवेना.

“मग मी आता कुठे उभा राहू?” त्याने विचारलं. हसत नव्हता.

“दुकानात का नाही आलात परत?”

“दुकानात यायला कारण लागतं. चष्मा चांगला झालाय... खूपच चांगला. काही मोडेचना.”

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. या वेळी हातात पट्टी नव्हती.

“आमच्या दुकानाची फरशी दगडी आहे,” मी म्हटलं. “कितीही वेळ उभा राहिलास तरी काही मरत नाही तिथे. उद्या ये.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आणि मावशींनी विचारलं, चष्म्याला काय झालं, तर?”

“काही झालं नाही म्हणून सांग.”